विंचवाचं बिऱ्हाड आणि त्याचा महिन्याचा हिशेब

लॅपटॉप पाठीला लावून दोन महिने बीडला... नव्हे, हिमाचलातल्या बीरला, पुढचे दोन केरळातल्या वर्कल्याला, मग गोवा, असं वर्षभर फिरत काम करायचं स्वप्न हल्ली पुण्या-नाशकातल्या बऱ्याच जणांना पडतं. हिशेब मात्र तिकिटांपासून सुरू होतो आणि तिथंच चुकतो. भटक्या आयुष्यात तिकीट ही किरकोळ बाब असते. पैसा खातो तो मुक्काम बदलण्याचा वेग, आणि तुम्ही कुठंही असलात तरी मागे चालूच राहणारा घरचा खर्च. हे दोन आकडे कागदावर आले की ‘जमेल का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मिळतंच.

या लेखातली उदाहरणं पंचविशी-तिशीतल्या, एकट्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्या आणि नोकरी सोडून स्वतंत्र कामं घेऊ पाहणाऱ्या माणसाची आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, ते खोडून आपले भरा.

पायरी १ : तीन रकाने

पहिला रकाना घरचा खर्च. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता १२,००० म्हणजे महिन्याला १,०००. अपघात विमा २५०. दोन सिमकार्डं ७००. सॉफ्टवेअर आणि क्लाउडची वर्गणी २,०००. सीएची फी आणि व्यवसाय कर मिळून ५५० (महाराष्ट्रात स्वयंरोजगार करणाऱ्यालाही वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं). घरी आईवडिलांना ८,०००. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा ठरलेली गुंतवणूक, ७,०००. आणि लॅपटॉपचे २,५००: ९०,०००चं यंत्र तीन वर्षं टिकतं असं धरलं, तर दर महिन्याला इतके बाजूला पडायलाच हवेत. एकूण २२,०००. हे पैसे तुम्ही डोंगरात असा की समुद्रावर, जाणारच. कर्जाचा हप्ता असेल तर तो वर आणखी.

दुसरा रकाना मुक्कामाचा. महिन्याच्या बोलीवर खोली १५,०००, जेवणखाण ९,०००, भाड्याची स्कूटर आणि पेट्रोल ४,०००, इंटरनेट किंवा को-वर्किंग (कामासाठी भाड्यानं मिळणारी सामायिक जागा) ३,०००, धुणं-औषधं-किरकोळ ३,०००. एकूण ३४,०००.

तिसरा रकाना लोक लिहीतच नाहीत, तो हलण्याचा. थ्री-टियर एसीचं तिकीट २,०००. दोन्ही टोकांना रिक्षा-टॅक्सी १,५००. खोली प्रत्यक्ष बघून ठरेपर्यंत दोन रात्री लॉजवर ३,०००. बादली, तवा, मीठ-मसाले, एक्स्टेन्शन बोर्ड असलं पुन्हापुन्हा घ्यावं लागणारं सामान १,५००. हे झाले रोख ८,०००. शिवाय बुडालेले कामाचे दोन दिवस. दिवसाची कमाई ३,००० धरली तर ६,०००. म्हणजे एकदा हलायला १४,०००.

आता वेग लावून बघा. दर दोन महिन्यांनी मुक्काम बदलला तर हलण्याचे महिन्याला ७,००० पडतात; एकूण २२,००० + ३४,००० + ७,००० = ६३,०००. दर महिन्याला बदलला तर ७०,०००. आणि दर दहा दिवसांनी बदलला तर? महिन्याची बोली मिळत नाही, रात्रीला १,१०० प्रमाणे ३३,००० जातात. स्वयंपाक होत नाही, म्हणून जेवण १५,०००. स्कूटर, इंटरनेट, किरकोळ तेवढंच धरलं तरी मुक्काम ५८,०००वर जातो. लॉज आणि तवा-बादली वगळली तरी प्रत्येक फेरीला ९,५००, तीन फेऱ्यांचे २८,५००. घरचे २२,००० धरून महिना १,०८,५००. माणूस तोच, देश तोच, कामही तेच. वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास फरक पडतो तो केवळ घाईमुळे. वर महिन्यातले सहा दिवस प्रवासात गेलेले असतात, ते क्लायंटला दिसतात.

म्हणून पहिल्या वर्षी एका जागी किमान सहा आठवडे, शक्यतो दोन महिने, हा नियम ठेवा. बघण्यासारखं काही असलं तर शनिवार-रविवार आहेत.

पायरी २ : पगाराची पावती हातात आहे तोवर

नोकरी सोडल्यावर ज्या गोष्टी महाग किंवा अशक्य होतात, त्या राजीनाम्याआधी उरकायच्या.

कार्यालयाचा गट विमा साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी त्याआधी काही महिने सुरू झालेली हवी, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांचा दावा चालत नाही. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा मार्गही असतो. त्यात प्रतीक्षाकाळाचं (दावा चालू होईपर्यंत थांबायच्या काळाचं) श्रेय मिळतं, पण अर्ज वेळेत, नोकरीत असतानाच करावा लागतो.

क्रेडिट कार्ड आताच घ्या. स्वतंत्र कामं करणाऱ्याला बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. पगार खातं पगार थांबला की साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक न ठेवल्यास दंड लागू होऊ शकतो; हे खातं बंद करायचं की शून्य शिलकीचं करून घ्यायचं, ते बँकेत जाऊन ठरवा.

पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षांची सेवा नसताना काढलेली रक्कम करपात्र असते, आणि तिशीच्या आत काढलेले दोन-तीन लाख फिरण्यातच विरघळतात. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, आधार, पॅन, बँक आणि तुमचा कायमचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, एवढं तपासा. कंपनी सोडण्याची तारीख नोंदली गेली नाही तर पुढं पैसे हलवताना अडतं, आणि दुसऱ्या राज्यात बसून एचआरच्या मागे लागणं कटकटीचं असतं. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत पाच वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर चार महिने कळ काढणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त सल्ला.

पासपोर्टची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नूतनीकरण करून घ्या. पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. पत्ताच स्थिर नसला की ती रखडते. आधार, बँक, पॅन, विमा या सगळ्यांवर एकच पत्ता ठेवा, आईवडिलांचा. कागदोपत्री तुम्ही तिथंच राहता.

आणि राजीनाम्याआधी एक महिना तालीम करा. घरून काम करायची परवानगी असेल तर ती, नसेल तर साठलेली रजा आणि चार शनिवार-रविवार जोडून एखाद्या परक्या गावी महिनाभर पूर्ण काम करत राहा. रोजचा खर्च लिहा. तिसऱ्या आठवड्यातला आकडा खरा. पहिला आठवडा सुट्टीसारखा जातो, तो हिशेबात धरू नका.

पायरी ३ : किती गाठीशी असावं

नोकरदाराला सहा महिन्यांची शिल्लक पुरेशी म्हणतात. इथं कमाई आणि घर दोन्ही अस्थिर, म्हणून नऊ महिने. वरच्या उदाहरणात संथ वेगाचा रोख खर्च (बुडालेले दिवस वगळून) महिन्याला ६०,०००, त्याचे नऊ महिने ५,४०,०००.

याशिवाय परतीचा निधी. तो वेगळा ठेवायचा आणि विसरायचा. पुण्यात परत येऊन २०,००० भाड्याचा वन-बीएचके घ्यायचा म्हटलं तर तीन महिन्यांचं डिपॉझिट ६०,०००, दलाली २०,०००, पहिलं भाडं २०,०००, गादी-शेगडी-पंखा ४०,०००. झाले १,४०,०००. हा निधी नसला की माणूस परत येत नाही, वैतागून कर्जावर फिरत राहतो. आईवडिलांच्या घरी परतायची खरंच सोय असेल तर यातला बराच भाग वाचेल. पण ते गृहीत धरण्याआधी त्यांना विचारा.

विम्यात न बसणारा दवाखाना आणि मध्यरात्रीचं विमान यासाठी ५०,०००. एकूण ७,३०,०००. आकडा मोठा वाटला तर दोन दरवाजे आहेत: निघणं लांबवा, किंवा आधी एखाद-दोन नियमित क्लायंट पक्के करून सहा महिन्यांच्या शिलकीवर निघा. ‘फिरता फिरता कामं मिळतील’ या भरवशावर तीन महिन्यांच्या पैशात निघालेल्यांना पहिलं बिल वसूल व्हायच्या आतच हात आखडावा लागतो.

पैसे ठेवायचे कसे? एका महिन्याचे बचत खात्यात. दोन महिन्यांचे स्वीप-इन, म्हणजे बचत खात्याला जोडलेल्या, मुदत ठेवीत. उरलेले लिक्विड फंड (अल्प मुदतीच्या रोख्यांतला म्युच्युअल फंड) आणि लहान-लहान एफडींत. एकच पाच लाखांची एफडी करू नका. पन्नास हजारांसाठी ती मोडली तर मुदतपूर्व दंड सगळ्या रकमेवर बसतो. लिक्विड फंडातून तत्काळ पैसे काढायची सोय असली तरी एका योजनेतून दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यांतली कमी असेल तेवढीच रक्कम मिळते. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख आहे, तेव्हा बँकाही दोन असू द्या.

पायरी ४ : अनियमित कमाईला पगाराची शिस्त

तीन खाती. पहिल्यात सगळ्या क्लायंटचे पैसे येतात आणि तिथंच थांबतात. दर एक तारखेला त्यातून ठरलेली रक्कम, उदाहरणात ६०,०००, दुसऱ्या म्हणजे ‘पगार’ खात्यात जाते आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं असतं. तिसरं कराचं: प्रत्येक जमा रकमेतला ठरावीक हिस्सा त्यात. एखाद्या महिन्यात दीड लाख आले म्हणून पगार वाढवायचा नाही. पुढच्या महिन्यात वीसच हजार येणार असतात.

बिलाबाबत कोरडं असावं. नव्या क्लायंटकडून काम सुरू होण्याआधी ३० ते ५० टक्के आगाऊ. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, विनाशुल्क होते, ती करून क्रमांक बिलावर छापा: सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. ठरलेल्या मुदतीत न देता आर्थिक वर्षाअखेरपर्यंत थकवल्यास कंपनीला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये लेखा विभागाचे फोन आपसूक येऊ लागतात.

करकपात हा रोखीचा सापळा आहे. भारतीय कंपन्या व्यावसायिक सेवांच्या बिलातून साधारणतः १० टक्के टीडीएस कापतात. वर्षाला ९ लाखांची बिलं केलीत तर ९०,००० सरकारजमा. तुमचा कर शून्य असला तरी ते पैसे विवरणपत्र भरल्यानंतरच परत येतात. तेव्हा महिन्याचं बजेट बिलाच्या रकमेवर आखू नका, हातात पडणाऱ्या ९० टक्क्यांवर आखा.

आता कर. आयटी, अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना अनुमानित पद्धत उपलब्ध आहे, सगळे तिला ४४एडीए म्हणून ओळखतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पद्धत तीच.) जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची, खर्चाच्या पावत्या सांभाळायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाखांची, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर २४ लाखांपर्यंतची जमा करमुक्त होते. दोन ठिकाणी लोक अडखळतात. एक, शेअर आणि इक्विटी फंडांच्या विक्रीवरचा नफा या सवलतीत येत नाही, त्याचा कर वेगळा. दोन, लेखन किंवा समाजमाध्यमांचं काम या यादीत बसतं का, यावर मतभेद आहेत. तुमचं काम काठावरचं असेल तर सीएला विचारूनच विवरणपत्र भरा. टीडीएस वजा जाता कर १०,००० वा अधिक निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. अनुमानित पद्धतीत तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

जीएसटी नोंदणी महाराष्ट्र आणि गोव्यात सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढं सक्तीची. परदेशी क्लायंटचं काम निर्यात म्हणून शून्य दराचं असलं, तरी ते या २० लाखांत मोजलं जातं. नोंदणी झाली की कर न भरता निर्यात करण्यासाठी दर आर्थिक वर्षी नवं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरावं लागतं. नाहीतर आधी कर भरा आणि मग परतावा मागत बसा. नोंदणीचा पत्ता पुन्हा आईवडिलांचाच: वीजबिल आणि त्यांचं संमतीपत्र पुरतं. परकीय चलनात पैसे आले की प्रत्येक जमेचं बँकेचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात उतरवून घ्या, वर्षाअखेरीस शोधणं नको. पैसे एखाद्या परदेशी खात्यात साठवले असतील तर अनुमानित पद्धतीचं छोटं ‘सुगम’ विवरणपत्र चालत नाही. मोठं विवरणपत्र भरून परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते खातं दाखवावं लागतं. ते लपवल्यास जबर दंड होऊ शकतो.

पायरी ५ : विमा, पण बारीक अक्षरांसकट

दहा लाखांचं आरोग्य कवच एकट्या तरुणाला साधारण पुरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा जुने हप्त्यांचे तक्ते बघून घाबरू नका. भटक्या माणसानं पॉलिसीत तीन जागा बोट ठेवून वाचायच्या.

पहिली, विभाग. काही पॉलिसींत लहान शहराच्या पत्त्यावर हप्ता कमी असतो, पण उपचार मुंबई-दिल्लीत घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का तुम्ही भरायचा. साताऱ्याच्या पत्त्यावर पॉलिसी आणि अपघात दिल्लीत, असं झालं की हे कलम जागं होतं. थोडा जास्त हप्ता देऊन सर्व विभागांचं कवच घ्या. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. ती ओलांडली की काही पॉलिसींत फक्त खोलीचे नव्हे, डॉक्टर-शस्त्रक्रियेचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. तिसरी, साहसी खेळ. प्रमाणित अटींनुसार व्यावसायिक म्हणून केलेले धोकादायक खेळ वगळलेले असतात. बीरला हौस म्हणून एकदा पॅराग्लायडिंग करणं वेगळं आणि तिथं पायलट म्हणून पैसे कमावणं वेगळं.

अपघात विमा स्वस्त असतो आणि नेमका तोच घेतला जात नाही. त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ आहे का ते बघा. मनगट मोडलं की रुग्णालयाचं बिल आरोग्य विमा देईल, पण सहा आठवडे टाइप न केल्यानं बुडालेलं उत्पन्न तो देत नाही.

मुदत आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स) तुमच्या कमाईवर कोणी अवलंबून असेल तरच. उदाहरणातला माणूस घरी ८,००० देतो, तेव्हा त्यानं घ्यावा. कोणी अवलंबून नसेल तर घाई नाही.

भाड्याच्या स्कूटरचीही एक गोष्ट. भाड्याच्या परवान्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. गोव्यात पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शंभर-दोनशेनं स्वस्त मिळते. पोलिसांनी अडवलं तर दंड होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. स्वतःची गाडी घेऊन निघालात तर दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. मध्ये राज्य बदललंत याचे पुरावे म्हणून टोल आणि पेट्रोलच्या पावत्या जपा.

पायरी ६ : खोली ठरवताना

ऋतूच्या उलट चाला. गोव्यात नाताळच्या आठवड्यात भाडं आभाळाला टेकतं आणि जूनमध्ये तोच मालक दर उतरवून फोन करतो. फक्त पावसाळ्यात कॅमेरा आणि लॅपटॉपला बुरशी लागते, हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या सोबत हव्यात. हिमाचलात मे-जून महाग, हिवाळा स्वस्त. पण हिवाळ्यात हीटरचं वीजबिल स्वस्ताई खाऊन टाकतं. सिक्कीमच्या पाक्योंग जिल्ह्यात याकतेन हे गाव २०२५ मध्ये अशा फिरत्या कामकऱ्यांसाठी खास सज्ज केलं गेलं. अशा ठिकाणी इंटरनेटचा आणि पॉवर बॅकअपचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, तर थोडं जास्त भाडं परवडतं.

दोन रात्रींपेक्षा जास्तीचे पैसे खोली बघितल्याशिवाय देऊ नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, खोली रिकामी आहे, क्यूआर पाठवतो’ हा जुनाच फसवणुकीचा प्रकार अजून चालतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

खोलीत गेल्यावर क्रम असा: दार बंद करून, जिथं बसून काम करणार तिथं इंटरनेटचा वेग मोजा, तोही संध्याकाळी आठनंतर. सकाळी सगळीकडं छान चालतं. मालकाला विचारा, वीज गेल्यावर राउटर चालतो का. इन्व्हर्टर दिव्या-पंख्यांना असतो आणि राउटर भलत्याच सॉकेटवर. मीटरचा फोटो काढा आणि युनिटचा दर लिहून घ्या. भाडं १२,००० आणि वीज ‘वापराप्रमाणे’ असं ठरलं की भांडण ठरलेलं. डिपॉझिट एका महिन्याच्या पुढं देऊ नका, दिलंच तर यूपीआयनं आणि संदेशात ‘परत मिळणारं डिपॉझिट’ असं लिहून.

पायरी ७ : फोन हरवला तर

सगळं आर्थिक आयुष्य एका सिमवर लटकलेलं असतं. ते सिम हरवून नवं घेतलं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपी नाही. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं तरी सुरुवातीला मर्यादा तुटपुंजी. परक्या गावात तो दिवस काढायचा तर तयारी आधीची लागते: वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम जुन्या फोनमध्ये, त्याला दुसऱ्या बँकेचं खातं जोडलेलं, दुसरं डेबिट कार्ड पाकिटात न ठेवता बॅगेच्या तळाशी, आणि ५,००० रोख. हरवल्याबरोबर आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा, मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. दुसऱ्याच्या चुकीनं झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

काश्मीर आणि लडाखला निघालात तर इतर राज्यांतलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. एक क्रमांक पोस्टपेड असू द्या.

पायरी ८ : देशाबाहेर जायचं असेल तर

पहिलं वर्ष देशातच काढावं, असं आमचं मत. तरी निघायचं असेल तर नेपाळ सोपं: व्हिसा लागत नाही आणि एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे बजेट हलत नाही.

पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं बहुतेक देशांत नियमात बसत नाही, म्हणून दूरस्थ कामाचे व्हिसा निघाले. थायलंडच्या डीटीव्ही व्हिसाला खात्यात ५ लाख बात (थाई चलन) दाखवावे लागतात; तो पाच वर्षं चालतो आणि एका प्रवेशात १८० दिवस राहता येतं. पण एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-निवासी ठरता, आणि २०२४ पासून बाहेरून तिथं आणलेल्या कमाईवर करही लागू होऊ शकतो. १७० दिवसांत निघालेलं बरं. मलेशियाच्या ‘डीई रांताऊ’ या अशाच व्हिसाला तंत्रज्ञानातल्या कामासाठी वर्षाला २४,००० डॉलरहून अधिक कमाई दाखवावी लागते.

इकडं, भारतात वर्षात १८२ दिवस राहिलात की तुम्ही निवासी, जगभरची कमाई इथं करपात्र. त्याहून कमी राहिलात म्हणजे आपोआप अनिवासी झालात असं नव्हे. ६० दिवसांचा दुसरा निकष आहे, आणि कुठल्याच देशात कर न भरणाऱ्या, भारतात १५ लाखांहून जास्त उत्पन्न असलेल्या नागरिकाला कायदा निवासी मानतो. ये-जा करण्याच्या तारखा एका शीटमध्ये लिहा, बोर्डिंग पास जपा.

भारतीय आरोग्य विमा सहसा परदेशात चालत नाही, प्रवास विमा वेगळा. कार्ड मशीनवर ‘रुपयांत देणार की स्थानिक चलनात?’ असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बँकेनं स्वतःच्या सोयीनं लावलेला असतो.

एसआयपी, आणि थांबायची रेषा

कमाई घसरलेल्या महिन्यात लोक आधी एसआयपी बंद करतात आणि फिरणं चालू ठेवतात. क्रम उलटा हवा: आधी वेग कमी करा, मग स्वस्त गावी जा, मग घरी, एसआयपी त्यानंतर. रक्कमच मुळात इतकी ठेवा की वाईट महिन्यातही ती जाईल. चांगल्या महिन्यात वरचे पैसे एकरकमी टाकता येतात.

दर महिन्याच्या पाच तारखेला अर्धा तास बसून एकच भागाकार करा: परतीचा निधी वगळून उरलेली शिल्लक भागिले महिन्याचा रोख खर्च. उत्तर सहाच्या वर असेल तर पुढचा मुक्काम ठरवा. सहा ते चार असेल तर आहे तिथंच राहा, हलण्याचा खर्च शून्य करा आणि जुन्या क्लायंटना पत्रं टाका. चारच्या खाली गेलं की परतीचं तिकीट काढा, आणि परतीचा निधी त्याच दिवशी पगार खात्याला जोडा. तीन महिन्यांची शिल्लक घेऊन परतलेल्या माणसाला नोकरी शोधताना पगारावर घासाघीस करता येते. शून्यावर परतलेला समोर येईल ते पहिलं नोकरीचं पत्र स्वीकारतो.